नाकात्सूनंतरची नदी

शैला,

परवा पेडणेकर येऊन गेला. त्याची बदली नाशिकला झाल्यामुळे तेराव्याला त्याला येता आलं नव्हतं. तुझ्या फोटोसमोर बसला, पाणी घेतलं, आणि अशा वेळी माणसं बोलतात तसं बोलू लागला. कारखान्यातले सगळे तुझ्या हातच्या घावनांची आठवण काढतात, वगैरे. मग म्हणाला, "वहिनी फार बारकाईने विचारायच्या हो. तुमच्या पुढच्या वर्षी मी ओसाकाहून आलो, मीरा रोडच्या जागेत सत्यनारायण घातला, तेव्हा प्रसाद घेता घेता मला म्हणाल्या, 'भावोजी, त्या लाल रेघेवरच्या गाडीला वाटेत पाणी लागतं का?' म्हटलं, लागतं की. नाकात्सू स्टेशन सोडलं की गाडी भुयारातून वर येते आणि नदीवरच्या पुलावरून जाते. केवढं पात्र आहे! तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तर दर रविवारी जायचात."

मी म्हणालो, "हो."

तुझ्या फोटोसमोर बसून मी पुन्हा एकदा तेच केलं. पेडणेकर गेल्यावर मी हिशेब लावला. त्याचा सत्यनारायण नव्वद सालच्या शेवटी होता, आणि तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. म्हणजे जवळजवळ आठ वर्षं तुला ठाऊक होतं. आठ वर्षं तू एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाहीस.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुला जे तोंडाने सांगायला हवं होतं ते.

एकोणनव्वद साली कंपनीने मला चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं. आपण गिरगाव सोडून भाईंदरच्या जेसल पार्कला आलो त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. इमारतीत सोळा घरं, त्यातली पाच भरलेली. संध्याकाळी मिठागरांकडून वारा यायचा आणि रिकाम्या घरांच्या खिडक्या आपटत राहायच्या. पाणी एक दिवसाआड, तेही खालच्या टाकीला. तू तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवणार, अकरा वर्षांच्या अश्विनीला सांभाळणार, आणि मी विमानात बसणार. निघताना तू म्हणालीस, "माझ्या वाटचंही बघून या. आल्यावर मला सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही." मी म्हणालो, गाळणार नाही. माझ्या शब्दावर तुझा विश्वास होता. का नसावा? मी मापं तपासणारा माणूस. केसाएवढा फरक असला तरी बेअरिंग बाजूला काढणारा.

तिथे पोचलो त्या आठवड्यात मला शहराच्या सबवेचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, दोन नकाशे मिळाले. एक मी तुला पाठवला. तू तो खळ लावून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलास. सहा रेघा, सहा रंग. लाल रेघ उत्तरेकडून दक्षिणेकडे शहराच्या मधून सरळ उतरणारी, तिच्यावर वीस स्टेशनं. खालून चौथं अबिको, आमच्या वसतिगृहाजवळचं. तू उत्तरात लिहिलंस, "अबिको म्हणजे आपली अंबिकाच की. आणि पुढचं नागाई. नागाई-जोगाई. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल बघा." मला ते वाचून हसू आलं होतं. त्या चार महिन्यांत आलेलं तेवढंच हसू असावं.

आता खरं सांगतो. मला तिथे सतरा रविवार मिळाले. पहिल्या रविवारी कंपनीने प्रशिक्षणाला आलेल्या आम्हा चौघांना बसने किल्ला दाखवायला नेलं. दुसऱ्या रविवारी मी एकटा निघालो. अबिकोला लाल गाडीत बसलो, अकरा थांबे मोजले, उमेदाला उतरलो. अगदी बरोबर. पाठ थोपटून घ्यावी असं वाटलं. मग बाहेर पडायला निघालो, आणि बाहेर असं काही नव्हतंच. जमिनीखाली रस्ते होते, रस्त्यांना फाटे होते, दुकानं होती, खानावळी होत्या, आणि माणसं अशी चालत होती की थांबणाऱ्याला जागा नाही. एक जिना चढलो, वर वेगळाच रस्ता निघाला. खाली आलो तर ज्या जिन्याने चढलो तो हा नव्हे. उमेदा नावाची तिथे एक नाही, तीन स्टेशनं आहेत. नकाशावर ती तिन्ही वर्तुळं एका बोटाखाली मावत होती. प्रत्यक्षात मी एकातून दुसऱ्यात जात होतो आणि पाटी वाचून आपलंच समजून जिन्याशी येत होतो, तर रेघ जांभळी. परत फिरलो तर निळी. एका फुलांच्या दुकानासमोरून मी पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी दुकानातली बाई माझ्याकडे बघून ओळखीचं हसली.

वर सूर्य असता तर मी दिशा काढली असती. तिथे सूर्य नव्हता, फक्त दिवे होते, सगळीकडे सारखेच. कोणाला विचारायला गेलो की ते वाकून नमस्कार करायचे आणि घाईने निघून जायचे. किती वेळ गेला ते घड्याळात दिसत होतं. सव्वातीन तास. शेवटी गणवेशातल्या एका माणसाला मी वसतिगृहाच्या पत्त्याची चिठ्ठी दाखवली. त्याने माझ्या सदऱ्याची बाही धरली. हात नाही, बाही. तशीच धरून मला लाल फलाटापर्यंत नेलं, गाडी येईपर्यंत सोडली नाही, आणि डब्यातल्या एका म्हाताऱ्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. तो म्हातारा अबिकोपर्यंत माझ्यावर लक्ष ठेवून होता. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, शैला.

त्यानंतर मी एकदाही एकटा त्या गाडीत बसलो नाही. कारखाना वसतिगृहापासून चालत जाण्यासारखा होता, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं. बाकीचे तिघे बंगळूरच्या कारखान्यातले. ते रविवारी फिरायला जाताना मला बोलवायचे. मी सांगायचो, कपडे धुवायचे आहेत. तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर त्यांनी बोलवणं सोडलं. पंधरा रविवार मी खोलीत काढले.

आणि दर रविवारी मी तुला लिहिलं की मी आज अमुक ठिकाणी जाऊन आलो.

पहिल्या पत्रात हे करायचा माझा विचार नव्हता. उमेदाला हरवलो असं एक वाक्य लिहिलं होतं. मग ते मला तुझ्या डोळ्यांनी वाचावंसं वाटेना. तू इथे हंडे चढवतेस आणि नवरा तिकडे बाही धरून नेला जातो. तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि नकाशा समोर ठेवला. अबिकोहून तेन्नोजी चार थांबे, तिथे बदलून जांभळी रेघ. लिहायला लागल्यावर ते अवघड नव्हतं. नकाशाबाहेरचं मी काही लिहीत नव्हतो, त्यामुळे चूक होणार नाही अशी माझी खात्री होती.

तू तिकडे दारामागच्या नकाशावर बोट फिरवून प्रत्येक प्रवास तपासायचीस. एकदा लिहिलंस, "मागच्या रविवारी दोनदा गाडी बदललीत. होम्माचीला हिरवी धरली असती तर एकदाच बदलावी लागली असती. उगीच पाय दुखवून घेऊ नका." मी माझ्या खोलीत बसून तुझ्या त्या सूचनेवर विचार केला होता आणि ती बरोबर निघाली होती. तुझ्याइतकी ती सबवे कोणालाच पाठ नव्हती. तिथे गेलेल्यालाही नाही.

मग शिन-ओसाकाचं पत्र. जगातली सगळ्यात वेगवान गाडी तिथे दिसते म्हणून तू पहिल्यापासून मागे लागली होतीस. मी लिहिलं, जाऊन आलो, अबिकोपासून चौदा थांबे, खिडकीबाहेर चौदाही थांब्यांमध्ये नुसता काळोख. तुझं उत्तर आलं. आपल्या दारावर मासे घेऊन येणारी जुन्या भाईंदरची सरूमावशी तो नकाशा बघून तुला म्हणाली होती, "ह्यात खाडी कुठं हाय गं? पानी न्हाय तर त्या गावची मानसं खातात काय?" आणि तू खाली विचारलं होतंस, "खरंच, एवढ्या लांबच्या रस्त्यात पाणी कुठेच लागत नाही का?" मी उलट टपाली कळवलं, जमिनीखालून जाणाऱ्या गाडीला नदी कशी लागेल, जरा विचार करून लिहीत जा.

ते वाक्य मला आता जसंच्या तसं आठवतंय. जरा विचार करून लिहीत जा.

परत आलो तेव्हा अश्विनी वाळून काडी झालेली. तिला कावीळ होऊन गेली होती, तीन आठवडे अंथरुणात होती, आणि तुझ्या एकाही पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. मी किती बोललो तुला. "मी तिकडे निश्चिंत राहिलो आणि इकडे पोर आजारी. पत्रात खोटं लिहिलंस तू."

तू पीठ मळत होतीस. म्हणालीस, "खोटं नाही लिहिलं. लिहिलं नाही, एवढंच."

"एकच आहे ते."

"एकच कसं असेल? आणि कळवलं असतं तर तुम्ही तिकडून काय करणार होतात? रात्र रात्र जागला असतात."

"तो माझा प्रश्न. मला खरं कळायला हवं होतं."

"बरं," तू म्हणालीस. "यापुढे कळवीन."

हे भांडण आपण पुढे कितीतरी वर्षं अधूनमधून उकरून काढायचो. म्हणजे मी काढायचो. विजेच्या मीटरचा आकडा चुकीचा सांगितलास तरी मी म्हणायचो, "तुझं काय, तू तर काविळीचं पण लपवलंस." पेडणेकरच्या सत्यनारायणानंतरही मी हे म्हणालो असेन. नक्कीच म्हणालो असेन. तेव्हा तू माझं तोंड एका वाक्यात बंद करू शकली असतीस.

सत्यनारायणानंतरच्या वर्षी समोरच्या जयाबेनचा जावई मोत्यांच्या धंद्यासाठी कोबेला निघाला होता. ओसाकातून जावं लागणार म्हणून जयाबेन त्याला घेऊन आपल्याकडे आल्या. "भाईसाब, इनको नकशा समझाओ ना. आप तो पूरा शहर घूमे हो." मी दारामागे उभा राहून पेनाने एकेक रेघ दाखवली. कुठे बदलायचं, किती थांबे. उमेदाला तीन स्टेशनं आहेत, सांभाळून, असंही म्हणालो. तेवढं एक मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत होतो. तू कप घेऊन आलीस आणि म्हणालीस, "और नाकात्सू के बाद गाडी ऊपर आती है. नदी है ना, बडा पुल है. वहां खिडकी में बैठना."

मी लगेच म्हणालो, "अगं, काहीतरी काय सांगतेस त्यांना? सबवे है वो, जमीन के नीचे चलती है. नदी कहां से आएगी?"

जयाबेन हसल्या. "शैलाबेन, भाईसाब गये थे कि आप गये थे?"

"वोही गये थे," तू म्हणालीस. "मेरे को लगा पुल होगा." आणि साखर आणायला आत गेलीस. साखर टेबलावरच होती.

ते गेल्यावर कप उचलताना तू म्हणालीस, "एवढं ठाम बोलू नये, अहो."

"ठाम म्हणजे? मी होतो तिथे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्या वेळी पेनाचं टोपण शोधत होतो, त्यामुळे कसं पाहिलंस ते मला सांगता येणार नाही. "बरं," म्हणालीस आणि नळाखाली कप धरलेस.

तो जावई तिकडे गेल्यावर नदी बघणारच होता. परत आल्यावर आपल्या सासूला सांगणारच होता. तुला हे तेव्हाच समजलं होतं. म्हणून तू नदी माझ्या सांगण्यात आपणहून घालून ठेवत होतीस. मी ती काढून टाकली, चारचौघांत, तुझं चुकतंय असं सांगून. जयाबेन नंतर याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. त्यांनाही तूच काही सांगितलं होतंस का? त्यांना विचारायला मला तोंड नाही.

मी दुसरीही एक शक्यता धरून पाहिली. तुला वाटलं असेल की मला तिथे डुलकी लागली असेल. पण ते टिकत नाही. चौदाही थांब्यांमध्ये काळोख, असं मी आकडा घालून लिहिलं होतं. झोपलेला माणूस असं लिहीत नाही. आणि एक पत्र खोटं निघाल्यावर बाकीच्या चौदांकडे तू कसं पाहिलं असशील, हे मला कळतं. मीच तुला शिकवलं होतं, खोक्यातला एक नग मापात चुकलेला निघाला तर सगळं खोकं उघडायचं.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. मूत्रपिंडं थांबत आली होती, पायांना सूज, बोलायला दम पुरत नव्हता. भेटायच्या वेळेत मी शेजारी बसलो होतो. तू म्हणालीस, "ती लाल गाडी म्हणा ना. अंबिकापासून."

मी म्हणू लागलो. नागाई, निशितानाबे, शोवाचो, तेन्नोजी. तू डोळे मिटून बोटांनी चादरीवर थांबे मोजत होतीस. नाम्बा. होम्माची. उमेदा. बारावं नाकात्सू म्हणालो तेव्हा तू हात वर केलास.

"इथे जरा थांबा."

मला वाटलं, दुखतंय. "सिस्टरला बोलवू?"

"नको. पुढे काय लागतं?"

"निशिनाकाजिमा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही. नाकात्सूनंतर निशिनाकाजिमा. तेरावं."

तू माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणालीस, "बरं. म्हणा पुढे."

त्यात राग नव्हता. मी आता पुन्हा पुन्हा आठवून पाहतोय, रागाचा अंशही नव्हता. तू मला सांगायला जागा करून देत होतीस. मी फक्त म्हणायचं होतं, शैला, मी तिथे गेलोच नव्हतो. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी तुला तेरावं स्टेशन सांगितलं, आणि चौदावं सांगितलं, आणि भेटायची वेळ संपली.

एवढं समजून घेऊन तू माझ्याशी दुरावा धरला नाहीस, याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. मी घरात तुझे कशाबद्दल आभार मानल्याचं आठवत नाही. ती आपल्याकडे पद्धत नव्हती, असं म्हणून सुटणं सोपं आहे.

घर आता फार मोठं झालंय. सकाळी मी दोन कप पाणी ठेवतो आणि मग एक ओतून टाकतो. पाणी हल्ली रोज येतं. ज्यासाठी तू बारा वर्षं भांडलीस ते आलं आणि भरायला तू नाहीस. अश्विनी कॉलेजातून आली की आपल्या खोलीत जाते. मी माझ्या. जेवताना ती विचारते, वाढू का, आणि मी म्हणतो, पुरे. एवढंच बोलणं होतं. ओसाकाच्या त्या खोलीत होतं तसंच.

काल मात्र मी तिला बोलावून बसवलं आणि सगळं सांगितलं. उमेदा, बाही, पंधरा रविवार. पाचवीत तिने बाबांच्या जपानमधल्या रविवारांवर निबंध लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मला वाटलं, चिडेल. ती चिडली नाही. तिने विचारलं ते या सगळ्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

"मग तुम्ही रविवारी दिवसभर करायचात काय?"

मी तिला खरं ते सांगितलं. सकाळी चहा झाला की नकाशा उघडायचो. आज शैलाला कुठे न्यायचं ते ठरवायचो. थांबे मोजायचो, कुठे बदलायचं ते तीन-तीन प्रकारे लावून पाहायचो, कच्चं लिहायचो, मग पक्कं लिहायचो. जेवायची शुद्ध नसायची. संध्याकाळी पाकीट बंद करायचो तेव्हा आठवड्यात पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलल्यासारखं वाटायचं.

"म्हणजे दिवसभर आईला पत्र लिहायचात."

"हो."

"सगळे पंधरा रविवार?"

"पंधरा."

मग ती म्हणाली, "बाबा, हे आईला माहीत होतं का?"

ते मला सांगता आलं नाही. मी कुठेच गेलो नव्हतो ते तू ओळखलंस. पण मग मी दिवसभर कुठे होतो, हे तुला कळलं होतं की नाही, हे आता मी कोणाला विचारू.